मे-जूनच्या युरोप सहलीचे कपडे: कोणत्या क्रमाने ठरवायचे आणि नेमकं कुठे चुकतं

पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली असा दहा-बारा दिवसांचा दौरा ठरला की घराघरांत खरेदीचा क्रम साधारण सारखाच असतो. आधी एक जाडजूड जॅकेट येतं, मग फोटोंसाठी नवे कपडे, आणि बूट निघायच्या आठवड्यात. तिकडे गेल्यावर होतंही सारखंच. रोममध्ये घामाच्या धारा, स्वित्झर्लंडच्या बर्फाळ युंगफ्राउवर बधिर झालेली बोटं, टाचेला फोड, आणि ज्या दिवशी गरज त्याच दिवशी ते जॅकेट बसच्या डिकीत, मोठ्या बॅगेच्या तळाशी. यात खर्च कमी पडलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमानेच वाचा आणि त्याच क्रमाने तयारी करा. तो मे ते सप्टेंबरच्या दौऱ्यांसाठी आहे; डिसेंबर-जानेवारीच्या थंडीला जॅकेट आणि बूट वेगळे लागतात.

## १. आधी कार्यक्रमपत्रिका, मग दुकान

निघण्याच्या किमान दीड महिना आधी सहलीची कार्यक्रमपत्रिका आणि एक कोरा कागद घेऊन बसा. प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहा: त्या दिवसाचं सर्वांत उंच ठिकाण, चालणं किती, आणि चर्चच्या आत जायचं आहे का. कपडे देशावर ठरत नाहीत, या तीन गोष्टींवर ठरतात.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. युंगफ्राउजवळचं इंटरलाकेन गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, आणि वरचं युंगफ्राउयोख हे रेल्वे स्थानक ३४५४ मीटरवर. म्हणजे खाली सकाळी २० अंश असले तरी वर १ अंशाच्या आसपास धरायचं, आणि त्यात वारा वेगळा. स्वित्झर्लंडच्याच टिटलिस डोंगरावर केबल कार ३०२० मीटरपर्यंत जाते, तिथेही हाच हिशेब. जून-जुलैतसुद्धा वर बर्फच असतो.

दुसऱ्या टोकाला इटली. रोममध्ये जून-जुलैच्या दुपारी पारा ३० अंशांच्या पुढे जाणं नेहमीचं आहे. पॅरिस थंड असतं या समजावर तर अजिबात विसंबू नका. २५ जुलै २०१९ रोजी तिथे ४२.६ अंशांची नोंद झाली होती. तेच पॅरिस मेमधल्या पावसाळी संध्याकाळी १० अंशांवर येतं आणि आयफेल टॉवरच्या वरच्या मजल्यावर, २७६ मीटरवर, वारा अंगातून आरपार जातो.

तपासा: कागदावर बर्फाचे दिवस किती निघाले? बहुतेक दौऱ्यांत एक किंवा दोन. या एक-दोन दिवसांसाठी अख्खी बॅग लोकरीने भरू नका.

## २. बूट सगळ्यांत आधी

अशा दौऱ्यात रोज सात-आठ तास पायांवर जातात. रोमच्या जुन्या भागात रस्ते चौकोनी दगडांचे आहेत, मध्ये फटी, वर गुळगुळीतपणा. व्हेनिसमध्ये पुलांच्या पायऱ्या. युंगफ्राउवर दाबून घट्ट झालेला बर्फ, आणि तिथल्या बर्फमहालाची जमीनही बर्फाचीच. या सगळ्याला एकच जोडी पुरते: घोट्याखालचे, खोल खाचांच्या तळाचे चालायचे किंवा हलक्या ट्रेकिंगचे बूट. जाळीदार कापडाच्या स्पोर्ट्स शूजमध्ये बर्फाचं पाणी पाचव्या मिनिटाला आत येतं, म्हणून वरचं कापड पाणी अडवणारं बघा.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. विमानात त्याहून जास्त सुजतात. जे मोजे तिकडे घालणार तेच घालून बघा. उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच वर-खाली व्हायला नको. दुकानात पायऱ्या असतील तर उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर तो बूट लहान आहे, मग दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणाला तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर रोज अर्धा-पाऊण तास बाहेर चाला, आठवड्यातून एकदा दोन तास. टाच कुठे घासते हे दादर किंवा डेक्कनला कळलं तर उपाय करता येतो, फ्लॉरेन्सला कळलं तर नाही.

सावधान: कपाटात चार-पाच वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट तपासल्याशिवाय नेऊ नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तळव्यातलं फोमसारखं पॉलियुरेथेन आतून कुजतं. बूट वरून अगदी नवे दिसतात आणि चालू लागलं की अख्खा तळ सुटून येतो. बूट हातात घेऊन मधोमध दुमडा, तळाच्या कडेला नख दाबा. भुगा निघाला किंवा भेग दिसली तर तो बूट बाद.

मधुमेह असलेल्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा. नवीन बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत, मोजे आतून शिवण न टोचणारे हवेत, आणि दौऱ्यात रोज रात्री तळवे उजेडात बघायचे. ते स्वतःला दिसत नसतील तर मुलांना बघायला सांगावं, यात संकोच नको.

दुसरी जोडी हॉटेल आणि विमानासाठी हलक्या सँडलची. तिसरी जोडी नको.

## ३. एका जाड कोटाऐवजी तीन थर

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर आणि त्यावर शाल. युरोपात प्रश्न नुसत्या थंडीचा नसतो. बस उबदार, रस्ता गार, दुकान पुन्हा उबदार, वर बर्फ, खाली ऊन, मधे पाऊस, असं एका दिवसात पाच-सहा वेळा बदलतं. जाड कोट एक तर पूर्ण घालता येतो किंवा हातात वागवावा लागतो. थर मात्र हवे तेवढे चढवता-उतरवता येतात.

पहिला थर, अंगालगत: थर्मल, म्हणजे पूर्ण बाह्यांचा टॉप आणि खाली लेगिंगसारखी पँट. कापड पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं. थर्मल अंगाला चिकटून बसायला हवं, सैल असेल तर उपयोग नाही. आणि त्याच्या आत सुती बनियन घालायचं नाही. घरातले ज्येष्ठ सवयीने आधी बनियन घालतात आणि त्यावर थर्मल. केबल कारपर्यंत चालताना आलेला घाम सुती कापड धरून ठेवतं आणि वर पोचल्यावर तेच ओलं बनियन छातीला बर्फासारखं लागतं.

दुसरा थर, उबेसाठी: फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जॅकेट, किंवा पातळ पफर, म्हणजे आत पिसं किंवा कृत्रिम तंतू भरलेलं फुगीर जॅकेट. जाड असण्यापेक्षा हवा धरून ठेवणारं हवं. पफर दाबून छोट्या पिशवीत बसतो, म्हणून प्रवासाला तो बरा. मात्र पिसांचा पफर भिजला की त्याची ऊब जाते. त्यामुळे तो बाहेरचा थर म्हणून पावसात वापरायचा नाही.

तिसरा थर, वारा आणि पावसासाठी: टोपी जोडलेला, पाणी अडवणारा विंडचीटर. पावसाळ्यात स्कूटरवर घालायचा रबरी रेनकोट इथे चालत नाही, त्यात आतून घाम साचतो आणि पहिल्या थरावर केलेली मेहनत वाया जाते. छत्री बॅगेत असू द्या, पण डोंगरावरच्या वाऱ्यात ती उलटी होते.

विंडचीटर एक माप मोठा घ्या. तो फ्लीस किंवा पफरच्या वरून जायचा आहे. दुकानात नुसत्या टी-शर्टवर घालून बघून घेतलेला विंडचीटर वर गेल्यावर चेनच लावू देत नाही.

तपासा: तिन्ही थर एकत्र घालून दोन्ही हात वर करा, मग खाली वाकून बुटाची नाडी बांधा. कंबर किंवा मनगट उघडं पडलं, किंवा काखेत ओढलं, तर माप बदला.

पायांसाठी जीन्स सगळे नेतात आणि शहरात ती ठीकच आहे. बर्फावर मात्र तिची खालची कड भिजते, पाणी पोटरीपर्यंत चढतं आणि पुढचे चार तास ती तशीच ओली राहते. बर्फाच्या दिवशी लवकर वाळणारी सिंथेटिक पँट आणि आत थर्मल, एवढं पुरतं.

खरेदीबद्दल एक गोष्ट. तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर बाजार आपल्याकडे थंडीतच लागतात, एप्रिलमध्ये ते सापडणार नाहीत. ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानांत हे सगळं बारा महिने मिळतं. आणि ओळखीत कुणी हिमालयात ट्रेक करणारं असेल तर पफर मागून घ्या. एका दिवसासाठी नवा घ्यायलाच हवा असं नाही. जॅकेटचा रंग मात्र आवडीचा बघा, कारण थंड ठिकाणचे तुमचे सगळे फोटो त्याच जॅकेटमध्ये येणार आहेत. आतला नवा ड्रेस एकाही फोटोत दिसणार नाही.

## ४. डोकं, हात, डोळे

कान झाकणारी लोकरी टोपी हवी. गळ्याला मफलरपेक्षा डोक्यातून घालायचा गोल बफ बरा, तो वाऱ्याने सुटत नाही.

हातमोजे लोकरीचे घेऊ नका. मुलं बर्फाचा गोळा उचलणारच, मोठेही उचलतात, आणि लोकर क्षणात भिजते. पाणी अडवणारे हातमोजे घ्या, मुलांसाठी दोन जोड्या.

मोजे एकावर एक दोन घालण्याची पद्धत सोडा. बूट आवळतो, रक्त कमी पोचतं आणि पाय जास्त गार पडतात. एकच जाडसर, लोकर किंवा सिंथेटिकचा मोजा घाला, आणि एक कोरडी जोडी खिशात ठेवा.

गॉगल ही चैन नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीवर ते किरण मुळातच जास्त असतात. ढगाळ दिवशीही डोळे दुखून लाल होतात. गॉगलवर यूव्ही ४०० असं लिहिलेलं बघा. नुसती काळी काच असलेला स्वस्त गॉगल नको. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. सनस्क्रीन नाकाच्या खालून आणि हनुवटीखालीही लावा, कारण ऊन बर्फावरून वर येतं.

## ५. साडी नेसणाऱ्यांसाठी

आई, सासूबाई, मावशी यांना सहलीपुरती पँट घालायला लावावी की नाही, यावरून घरात वाद होतात. ज्यांची इच्छा असेल त्यांनी जरूर घालावी. ज्यांना साडीतच मोकळं वाटतं त्यांनी साडीतच जावं. आयुष्यभराचा सराव असलेल्या कपड्यात पाय अधिक सावध पडतो. फक्त ती नेसण्याची तयारी वेगळी करावी लागते.

साडी सिंथेटिक, न फुगणारी, गडद रंगाची. खळ घातलेली सुती साडी भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. आत थर्मलची पँट घालून परकर त्यावर बांधा. साडी घोट्याच्या वर चार बोटं नेसा, आणि ती बूट घालूनच नेसा, कारण बुटाच्या तळाने उंची बदलते. घरी चपलेवर नेमकी बसलेली साडी तिथे वेगळीच पडते. निऱ्यांना एक मोठी पिन आतून, आणि पदर कमरेला खोचलेला किंवा जॅकेटच्या आत.

ब्लाउजखाली थर्मलचा टॉप बसत नाही, शिवणी ओढतात. त्याऐवजी थर्मलचा पूर्ण बाह्यांचा टॉपच ब्लाउजच्या जागी घाला आणि वर फ्लीस. वरून जॅकेट असल्याने कुणाला काही दिसत नाही. शाल खांद्यावरून घसरते आणि दोन्ही हात अडकवते, म्हणून ती फक्त बस आणि विमानासाठी.

सावधान: सरकत्या जिन्यावर, सरकत्या पट्ट्यावर आणि बोटीत चढताना निऱ्या एका हाताने उचललेल्या हव्यात. दुसरा हात कठड्यावर. म्हणजे हातात पर्स असून चालणार नाही, ती खांद्यावरून आडवी घातलेली हवी.

सोनं घरी ठेवा. पॅरिस आणि रोमच्या गर्दीत खिसेकापूंचा त्रास खरा आहे. मंगळसूत्र घालायचंच असेल तर लहान, जॅकेटच्या आत.

## ६. चर्चचे दिवस

व्हॅटिकनचा नियम स्पष्ट आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सेंट पीटर्स बॅसिलिका, व्हॅटिकन संग्रहालय आणि सिस्टीन चॅपल, तिन्हीकडे तो लागू आहे. बिनबाह्यांचा टॉप, गुडघ्यावरची हाफ पँट, मिनी स्कर्ट चालत नाही, आणि आत टोपीही काढावी लागते. पुरुषांनी हे वाचून पुढे जाऊ नये. रांगेतून परत पाठवलं जाण्यात बर्म्युडा घातलेले बापे आणि कॉलेजची मुलंच बरीच असतात. मिलानच्या कॅथेड्रललाही असाच नियम आहे.

अडचण अशी की त्याच दिवशी बाहेर ३०-३२ अंश असतात. उत्तर आपल्याच कपाटात आहे: पातळ सुती कुर्ता आणि सलवार किंवा सैल लिननची पँट. पुरुषांना अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट आणि पातळ पूर्ण पँट. शिवाय प्रत्येकीच्या पर्समध्ये एक ओढणी असू द्या. ती बाहेर फेरीवाल्यांकडेही मिळते, पण रांगेत असताना घाईने घ्यावी लागते.

## ७. आता मोजा

दहा-बारा दिवसांना एका माणसामागे एवढं पुरतं: वरचे कपडे सहा, पँट किंवा सलवार तीन, थर्मलचे दोन जोड, फ्लीस किंवा पफर एक, विंडचीटर एक, आतले कपडे आणि मोजे सात-आठ, रात्रीचे सुती कपडे दोन. रात्रीचे कपडे सुतीच घ्या. स्वित्झर्लंडच्या बऱ्याच जुन्या हॉटेलांत एसी नसतो, पंखाही नसतो, आणि जूनमधल्या खोल्या तापतात.

मोजे आणि आतले कपडे रात्री धुता येतात. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर गुडघ्याने दाब द्या, बहुतेक पाणी टॉवेल ओढून घेतो आणि सकाळपर्यंत तो वाळतो. दिव्याच्या शेडवर किंवा हीटरवर कपडे टाकू नका.

## ८. रंगीत तालीम

निघण्याच्या दहा दिवस आधी, एका सकाळी, बर्फाच्या दिवसाचे सगळे कपडे बुटांसकट घाला. घाम येईल, हरकत नाही. जिना चढा-उतरा, बसा, वाका, आणि शौचालयात एवढ्या थरांत निभावतं का तेही बघा. ज्येष्ठांना नाड्या आणि चेन स्वतः लावता येतात का हे मुद्दाम पाहा. हातमोजे घालून चेन सापडत नसेल तर तिला दोऱ्याची छोटी गाठ बांधा. काय बदलायचं ते आजच कळलं, दहा दिवस हातात आहेत.

## ९. बॅग भरणं आणि विमान

मोठ्या बॅगेत तळाशी इटलीचे पातळ कपडे, वर पॅरिसचे. बर्फाचे सगळे कपडे एका वेगळ्या कापडी पिशवीत, प्रत्येकाची पिशवी स्वतंत्र, नाव लिहून. ती पिशवी बॅगेत सगळ्यांत वर.

विमानात चढताना जड बूट पायात आणि विंडचीटर अंगावर, म्हणजे वजन वाचतं; बसल्यावर सँडल घाला. कपडे सैल, कमरेला इलास्टिक असलेले. हातातल्या सामानात एक पूर्ण जोड, आतले कपडे आणि पफर ठेवा. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी तुमचा कार्यक्रम अडत नाही. कमरेचा मोठा बक्कल आणि हातभर बांगड्या सुरक्षा तपासणीत वेळ खातात, त्या दिवशी नकोतच.

## १०. बर्फाचा दिवस

आदल्या रात्री ती कापडी पिशवी मोठ्या बॅगेतून काढून पाठीवरच्या बॅगेत टाका. हे सकाळवर ठेवू नका. सकाळी मोठ्या बॅगा बसच्या डिकीत जातात आणि डोंगराच्या पायथ्याशी वेळ नसतो.

सकाळी वरचं थेट चित्र बघा. युंगफ्राउ आणि टिटलिस दोन्हींचे कॅमेरे त्यांच्या संकेतस्थळांवर सुरू असतात, अनेक स्विस हॉटेलांत टीव्हीवरही दिसतात.

हॉटेलमधून निघताना फक्त थर्मल आणि त्यावर नेहमीचे कपडे. बस आणि केबल कार उबदार असतात, तिथे सगळं घालून बसलात तर वर घामेजलेले पोचाल. दुसरा आणि तिसरा थर शेवटच्या स्थानकात, दारातून बाहेर पडण्याआधी चढवा. थंडी वाजू लागल्यावर घालायचं असं ठरवू नका, तोवर बोटांना चेन लावता येत नाही. वर चालणं सावकाश. हवा विरळ असते आणि जॅकेटच्या वजनाने धाप लवकर लागते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांनी वर जायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच ठरवलेलं असावं.

आत कॅफेत आलात की लगेच टोपी, हातमोजे आणि वरचा थर काढा, नाहीतर पुन्हा बाहेर पडल्यावर दुप्पट गारठाल. मुलांचे मोजे हाताने चाचपून बघा. "ओले नाहीत" यावर विश्वास ठेवू नका.

खाली उतरल्यावर मोजे बदला. रात्री हॉटेलात बुटांच्या आतल्या गाद्या काढून वेगळ्या ठेवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी ते बोळे एकदा बदला. सकाळी बूट कोरडे मिळतात. थर्मल आणि पफर आता मोठ्या बॅगेच्या तळाशी जाऊ द्या आणि इटलीचे पातळ कपडे वर घ्या.